मिनी डाळ मिलच्या अनुदानासाठी मारलेल्या सत्तावीस चकरा

गेल्या महिन्याभरात चौघीजणींनी फोन करून एकच विचारलं, ताई ते अनुदान खरंच भेटते का नुसतं पोस्टरवरच आहे. प्रत्येकीला अर्धा अर्धा तास सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, पुढच्यांना हेच पाठवून देईन. भेटते. पण आपल्याला वाटते तसं हातात भेटत नाही, आणि वाटते तेव्हा तर मुळीच नाही.

आमचं गाव वर्धा-यवतमाळच्या मधात, तालुक्यापासून १९ किलोमीटर, दिवसातून एसटीच्या तीन फेऱ्या, त्यातली दुपारची भरवशाची नाही. दोनशे बारा घरं. माझं शिक्षण बारावी, बचत गटाची सचिव आहे, घरी साडेचार एकर, त्यात कपाशी आणि दर आठ-दहा ओळींमागे तुरीची एक ओळ. सगळ्यांचं असते तसंच.

सुरुवात झाली २०२३ च्या तान्ह्या पोळ्याला. आदल्या दिवशी, १४ सप्टेंबरला, मोठा पोळा झाला होता, आज पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागत फिरत होती आणि आमची गटाची मीटिंग अध्यक्ष काकूंच्या ओसरीवर चालू होती. बचतीचे पैसे गोळा करता करता एकजण म्हणाली, माझे या महिन्याचे शंभर पुढे ढकला, दुकानातून डाळ आणली, एकशेसाठ रुपये किलो. काकू म्हणाल्या, "अवो पण तुह्या घरी तं चार क्विंटल तूर झाली होती ना?" झाली होती. जानेवारीतच विकली, सात हजाराच्या आसपास, कृषी केंद्राची उधारी फेडायला. काकूंनी बोटावर हिशोब केला, "म्हंजे सत्तरनं इकली आन एकशेसाठनं घेऊन राह्यली." कोणी हसलं नाही, कारण ओसरीवरच्या अकरा जणींपैकी नऊ जणींचं तेच होतं.

आता कोणी म्हणेल घरी भरडा. आमच्या सासूबाई भरडायच्या, फाल्गुनात अंगणात तुरी वाळत असायच्या आणि दोघी समोरासमोर बसून जातं ओढायच्या. ते जातं आता आमच्या न्हाणीपुढे पाय धुवायचा दगड झालं आहे. तालुक्याला डाळ मिल आहे पण तिथे एक क्विंटलच्या खाली हात लावत नाहीत, आणि ज्या बाईजवळ घरी खायला ठेवलेली वीस किलो तूर आहे ती वीस किलो घेऊन १९ किलोमीटर जाणार कशी. म्हणून विकायची आणि डाळ विकत आणायची, एवढं साधं गणित आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल मी एका नातेवाइकाच्या गावी पाहिली होती, एका खोलीत मावते. तिथून डोक्यात किडा वळवळायला लागला.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कृषी सहायक भाऊंना विचारलं. त्यांनी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, अर्ज टाकायला सांगितलं, यांत्रिकीकरणात डाळ मिल असते म्हणून. २३ रुपये ६० पैसे फी भरली, ह्यांच्या नावाने अर्ज टाकला, तेव्हा लॉटरी निघायची. रोज मोबाईल पाहायचो, मेसेज आला का. डिसेंबर संपला तरी नाही आला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लॉटरीचं काय, लागली तं लागली.

जानेवारी २०२४ मधे उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, आमच्या समूह संसाधन ताईंनी पीएमएफएमई हे नाव सांगितलं. पूर्ण नाव प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, २०२० च्या जूनमधे सुरू झालेली, बोलताना सगळे पीएमएफएमईच म्हणतात. यात ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, पण ते कर्जाला जोडलेलं आहे. म्हणजे आधी बँकेचं कर्ज, स्वतःचे किमान १० टक्के, मशीन बसवा, चालवा, मग अनुदान. ज्यांना वाटते की सरकार खात्यात पैसे टाकेल आणि आपण मशीन आणू, त्यांनी इथेच विचार करा. मलाही तेच वाटलं होतं आणि ऐकून मी दोन दिवस तोंड पाडून बसले होते.

या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, डीआरपी म्हणतात त्यांना. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल बनवणं, बँकेत मागे लागणं हे त्यांचं काम, आणि आपल्याकडून एक रुपया घ्यायचा नसतो. त्यांना सरकार एका केसमागे २० हजार देते, अर्धे कर्ज मंजूर झाल्यावर, अर्धे युनिटचे परवाने-ट्रेनिंग वगैरे झाल्यावर. हे मुद्दाम सांगते कारण तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात मला एकजण भेटला होता, १५ हजारात सगळं करून देतो म्हणे, पाच आधी. मी पर्समधे हात घालणार होते. काकू सोबत होत्या म्हणून वाचले, त्या म्हणाल्या, "आधी इचारून तं पाय कोणाले." मग कृषी अधिकाऱ्यांच्या ऑफिसातून डीआरपी सरांचा नंबर घेतला.

सरांनी कागदांची यादी व्हाट्सॅपवर पाठवली. आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जागेचा कागद, लाईट बिल, ग्रामपंचायतीचं ना हरकत, मशीनचं कोटेशन, जागेचा फोटो. वाचून वाटलं आठ दिवसाचं काम. लागले सहा आठवडे, आणि ते एका कारणाने. माझं आधारवर नाव सासरचं, पॅनवर माहेरचं. लग्नाआधी बाबांनी काढून दिलेलं पॅन, आजवर कुठे अडलंच नव्हतं. पोर्टलवर दोन्ही नावं जुळत नाहीत म्हणून पुढचं पानच उघडेना. पॅन दुरुस्तीचे १०७ रुपये, वर सेतूवाल्याची मजुरी, आणि लग्नाचा दाखला पाहिजे म्हणे. आमचं लग्न २००९ चं, दाखला कोणी काढला होता! तो काढायला लग्नपत्रिका शोधली, ती सासूबाईंच्या पेटीत देवाच्या पोथीत घडी करून ठेवलेली सापडली, म्हातारी म्हणे मले मालूम होतं कामी पडन. नवीन पॅन यायला २२ दिवस. बायांनो, दुसरं काही करायच्या आधी आधार, पॅन आणि बँक पासबुक तिन्ही समोर मांडा आणि नावाचं एकएक अक्षर ताडून पाहा. वडिलांचं की नवऱ्याचं, 'बाई' लागलं की नाही, सगळं.

जागेचंही होतंच. आमच्या घराला लागून टिनाचा गोठा आहे, बैल विकल्यापासून रिकामा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, सासऱ्यांच्या नावावर. म्हणून त्यांचं संमतीपत्र आणि भाडेकरार, १०० च्या स्टॅम्पवर. आणि नमुना आठ तेव्हाच भेटते जेव्हा घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली असते, आमची दोन वर्षांची थकली होती, १,८६० रुपये तिथे गेले. ग्रामसेवक भाऊ हसत म्हणाले, अनुदानामुळे का होईना वसुली झाली.

प्रकल्प असा बसवला. मशीन आणि चाळणी मिळून २ लाख ४२ हजार, वजनकाटा आणि पिशव्या सील करायचं मशीन १६ हजार, गोठ्यात कोबा आणि वायरिंग ४२ हजार. एकूण तीन लाख. बांधकामाचा खर्च प्रकल्पाच्या ३० टक्क्यांच्या वर धरत नाहीत, आमचा त्यात बसत होता. माझे ३० हजार, कर्ज २ लाख ७० हजार, अनुदान १ लाख ५ हजार. तूर विकत घ्यायला लागणारे खेळते पैसे यात धरत नाहीत हे लक्षात ठेवा. त्याच्यासाठी गटाला वेगळं बीज भांडवल असते, अन्न प्रक्रिया करणाऱ्या सदस्यामागे ४० हजार, ते प्रभागसंघामार्फत, म्हणजे गटांच्या वरच्या संघामार्फत, येते आणि सदस्याने ते परत करायचं असते. आम्ही तिघींनी घेतलं, १ लाख २० हजार.

२६ फेब्रुवारी २०२४ ला अर्ज पोर्टलवर चढला. मोबाईलवर ओटीपी आला तेव्हा मी वावरात होते, सर पलीकडून "सांगा लवकर, जाते तो" आणि इकडे रेंज नाही, धुऱ्यावरच्या निंबाखाली जाऊन आकडे ओरडून सांगितले.

मग १६ मार्च. लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान २६ एप्रिलला होतं पण आचारसंहिता निकालानंतर ६ जूनला उठली. अर्ज आधी जिल्हा समितीसमोर जातो, ती बैठकच नाही. अडीच-तीन महिने काहीच हललं नाही. मी दर सोमवारी स्टेटस पाहायची, दर वेळी एकच ओळ. या काळात घरात बोलणी सुरू झाली, हे म्हणायला लागले की सोड आता, पेरणी तोंडावर आहे. मी रागाने फाईल लोखंडी कपाटावर टाकली होती. एक बरं झालं, रिकामे बसलो होतो म्हणून आम्ही अकरा जणींनी एप्रिल आणि मे दोन महिने घरात किती डाळ लागली ते वहीत लिहिलं. त्याचं काय करायचं ते तेव्हा माहीत नव्हतं, काकूंनीच टूम काढली होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात समितीने शिफारस केली आणि फाईल बँकेत गेली. इथून खरी चकरांची सुरुवात. तेव्हाच लाडकी बहीण आली होती. मी वाईट बोलत नाही, माझेही आले १४-१५ ऑगस्टच्या सुमारास तीन हजार, पण त्या दिवसात बँकेत जाऊन कर्जाचं विचारणं म्हणजे जत्रेत बसून अभ्यास करणं. आधार लिंक करायला, केवायसीला रांग दारापासून पानठेल्यापर्यंत. मी सकाळी सातच्या एसटीने निघायची (अर्धं तिकीट झालं हे एक बरं, नाहीतर या चकरा परवडल्याच नसत्या), दहाला बँक उघडेपर्यंत पायरीवर बसायची, आणि साडेबाराला सांगायचे मॅनेजर साहेब मीटिंगला गेले. चौथ्या वेळी गेले तेव्हा साहेबांची बदलीच झाली होती.

नवीन साहेब आले, त्यांनी सिबिल, म्हणजे माझ्या आधीच्या कर्जांची नोंद, काढला. त्यात माझ्या नावावर एक मायक्रोफायनान्सचं कर्ज चालू दाखवलं. २०२१ मधेच फेडलं होतं, शेवटच्या हप्त्याची पावती सुद्धा होती, पण कंपनीने खातं बंद झाल्याचं पुढे कळवलंच नव्हतं. त्यांच्या ऑफिसला तीन चकरा, मग नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, भेटलं, मग सिबिलवर ऑनलाईन तक्रार टाकली, त्याला ३० दिवसांची मुदत असते, २६ व्या दिवशी दुरुस्त झालं. स्वतःचा सिबिल रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट पाहता येतो. तो अर्ज करायच्या आधी पाहा, बँकेने दाखवेपर्यंत थांबू नका. माझा एक अख्खा महिना यात गेला आणि त्यातच कोटेशनची मुदत संपली, दुकानदाराने नवीन दिलं ते १२ हजाराने जास्त. ते वरचे माझ्याच अंगावर पडले.

एकदा बँकेतल्या एकाने सातबारा तारण म्हणून आणा सांगितलं. घरी येऊन सांगितलं तर सासरे गप्पच झाले, त्यांनी एकदा सातबाऱ्यावर बोजा चढलेला पाहिला आहे, दहा वर्षे उतरला नव्हता. डीआरपी सरांना फोन केला, ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले, छोट्या उद्योगाला १० लाखापर्यंत तारण मागायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचा तेव्हाचा नियम त्यांनी शांतपणे सांगितला. साहेब म्हणाले बरोबर आहे, आणि विषय संपला. मी एकटी असते तर सातबारा देऊन आली असती.

सप्टेंबरच्या शेवटी साहेबांनी मला खुर्ची दिली, पहिल्यांदाच. फाईल मिटली आणि विचारलं, तुमच्या गावात महिन्याला डाळ लागते किती? मी वही काढली. अकरा घरं, दोन महिने, घरामागे महिन्याला सव्वाचार किलोचा हिशोब आला होता. म्हटलं सर चार धरा, दोनशे बारा घरं, साडेआठशे किलो. त्यांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला. साडेआठशे किलो डाळ म्हणजे बाराशे किलो तूर, मशीन तासाला क्विंटलभर घेते म्हणता, म्हणजे बारा तास. "मग ताई, महिन्यातले बाकीचे दिवस मशीन काय करणार?"

खरं सांगते, उत्तर नव्हतं. अहवालात वर्षाचे तीनशे दिवस रोज आठ तास असं छापलेलं होतं, सगळ्यांच्या अहवालात तेच असते. एसटीत बसून मी घरापर्यंत तोच आकडा घोळवत आले. नंतरचे आठ दिवस आम्ही शेजारच्या दोन गावात फिरलो, तिथल्या गटांना विचारलं कोण किती तूर घरी ठेवेल, हरभरा किती, मूग-उडीद किती. तीन गावांचं मिळून वर्षाला चारशे क्विंटल निघाले. वहीचं एक पान, निळ्या पेनाने लिहिलेलं, खाली तिन्ही गावच्या गट अध्यक्षांच्या सह्या आणि एकीचा अंगठा. साहेबांनी ते वाचलं आणि साठ पानांच्या टाईप केलेल्या अहवालाच्या वर पिन मारून लावलं. माझ्या मते कर्ज त्या पानावर झालं. तुम्ही कुठलाही प्रकल्प करा, अहवाल सर बनवतील, पण आपल्या गावात कोण घेईल आणि किती घेईल हे एक पान स्वतःच्या हाताने लिहून न्या.

तरीही १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि मला परत धडकी भरली. बँकेच्या कर्जाला तिचा काही संबंध नाही पण जो तो तेच कारण सांगत होता. शिवाय १६ ऑक्टोबरपासून १०० चा स्टॅम्प बंद होऊन ५०० चा झाला. बँकेला करारनामा ५०० च्यावर पाहिजे, भाडेकरारही नव्याने करून आणा म्हणे, जुन्याची मुदत ११ महिन्यांची होती आणि ती संपत आली होती. तोच गोठा, तेच सासरे, तीच सून, पाचपट स्टॅम्प. सासरे सही करताना म्हणाले, "मी काही तुले हाकलून नाही राह्यलो, काहून घडीघडी लेहून घेतं."

१२ डिसेंबर २०२४ ला मंजुरीचं पत्र हातात आलं. माझे ३० हजार भरायचे होते, त्यातले २० गटातून उचलले आणि दोन बकऱ्या विकल्या. पैसे आपल्या हातात येत नाहीत, बँक सरळ दुकानदाराच्या खात्यात टाकते. लाईटचं वेगळं मीटर मागवावं लागते, घरगुती मीटरवर चालवलं तर दंड बसतो, आम्हाला ते यायला ३४ दिवस लागले, म्हणून मीटरचा अर्ज मंजुरीची वाट न पाहता आधीच करून ठेवा. मधल्या काळात उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली, ती फुकट आहे. एफएसएसएआयची नोंदणी, म्हणजे खाण्याच्या वस्तू विकायची नोंदणी, तेव्हा वर्षाला १२ लाखाच्या आत उलाढाल असेल तर वर्षाचे १०० रुपये लागायचे, मी पाच वर्षांचे ५०० एकदमच भरले. तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, त्यात हिशोब, लेबल, स्वच्छता सगळं सांगतात, डाळ कशी करायची ते मात्र थोडंच.

आणि त्याचा फटका बसला. २९ जानेवारी २०२५ ला मशीन आलं, नारळ फोडला, अख्खं गाव गोठ्यात. काकूंच्या घरची नवीन तूर घातली, एक क्विंटल. घरघर आवाज, टरफलं उडून सगळ्यांच्या केसात, पोरं नाचत होती. पोत्यात पडत होती ती डाळ पाहून मात्र मी खाली बसले. कितीतरी दाणे न फुटता सालीसकट, आणि फुटले त्यातल्या बऱ्याच दाण्यांचा कळणा, म्हणजे बारीक चुरा. वजन केलं तर धड डाळ ५४ किलो. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, कळणा ओच्यात घेऊन म्हणाल्या, याचे वडे होतात. तेव्हा जास्त रडू आलं.

तूर ओली होती, नुकतीच झोडपलेली. मशीनवाल्याचा मिस्त्री फोनवर सांगत होता रोलर कसा, पण खरं काम सासूबाईंनी सांगितलं. आधी चांगलं तीन-चार दिवस ऊन दाखवायचं, मग एकदा नुसती मशीनमधून काढून दाण्याला ओरखडे पाडायचे, मग खायचं तेल चोळायचं, क्विंटलला पाव ते अर्धा किलो, रात्रभर पोत्याखाली झाकून ठेवायचं, परत ऊन, मग हलका पाण्याचा हात मारून, सुकवून भरडायचं. जात्यावरही हेच करत होतो म्हणाल्या, जातं बदललं, तूर थोडीच बदलली. दुसऱ्या खेपेला ६६ किलो, आता ७० ते ७२ पडते. कळणा आणि चुनी गिऱ्हाइकाचीच, बकऱ्या-गाईला होते, म्हणून बाया पोतं घेऊन उभ्याच असतात.

अनुदानाचं राहिलंच. मशीन बसल्यावर बँकेने क्लेम टाकला, २० मार्चला तपासणीला माणसं आली, मशीनवरचा नंबर, माझा मशीनसोबत फोटो, बिलं पाहिली. ४ जुलै २०२५ ला १ लाख ५ हजार आले. आले म्हणजे माझ्या नावाच्या एका वेगळ्या खात्यात येऊन बसले, मिरर अकाउंट म्हणतात, हात लावता येत नाही. कर्जाचे शेवटचे पैसे सुटल्यापासून तीन वर्षे हप्ते नीट गेले आणि युनिट चालू असलं तर ते कर्जात वळते होतात. म्हणजे माझे २०२८ मधे. हप्ते थकून खातं एनपीएत, म्हणजे थकीत खात्यात, गेलं तर तेही बँक कर्जातच वळवून घेते. ह्यांनी पासबुक दोनदा उलटून पाहिलं आणि म्हणाले, पैसे आहे पण नाही.

हिशोब लपवत नाही. हप्ता ५,८७० महिन्याला. भरडाई किलोला सहा रुपये, पाच किलो आणली तरी करतो. फेब्रुवारीपासून आतापर्यंत ९६ क्विंटल भरडली, वहीतल्या चारशेच्या आसपासही नाही. बीज भांडवलातून १६ क्विंटल तूर विकत घेतली, ७,३०० ने. सरकारचा हमीभाव ७,५५० होता पण बाजारात त्याच्या खालीच चालली होती, आम्ही गावात रोख दिले, अडत-हमाली-गाडीभाडं वाचलं म्हणून लोकांनी खुशीने दिली. ती डाळ गावात ११५ ने विकली. गंमत म्हणजे ज्या एकशेसाठच्या डाळीवरून हे सगळं सुरू झालं ती डाळ मशीन येईपर्यंत उतरलेली होती, दुकानात १२५-१३० ला भेटत होती, म्हणून आमच्यात आणि दुकानात दहा-पंधरा रुपयाचाच फरक. तिघीत मिळून चौदा हजार सुटले. खर्च जाता भरडाईच्या पैशात हप्ता पूर्ण निघत नाही, महिन्याला हजार-पंधराशे घरून घालते.

पण एक झालं आहे. या वर्षी गटातल्या अकरापैकी दहा जणींनी खाण्यापुरती तूर विकलीच नाही, कोणी चाळीस किलो, कोणी साठ, डब्यात निंबाचा पाला घालून ठेवली. श्रावणात दुकानदार मला विचारत होता, "वहिनी, डाळीचं पोतं अजून अर्धं पडून आहे, झालं काय गावाले?"

माझ्या चकरा सत्तावीस झाल्या, तालुक्याच्या एकवीस, जिल्ह्याच्या सहा. घरपट्टी सोडून कागद, स्टॅम्प, तिकीट, झेरॉक्स मिळून ४,९१० रुपये, त्यात बुडालेली मजुरी धरली नाही. वेचणीच्या दिवसात एक चक्कर म्हणजे एक रोज गेला, ते धरायला बसले तर मीच घाबरेन. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स, फोटो एकदमच पंधरा, आणि ज्याला दिलं त्याची पोच सहीसकट, एवढं करा. योजनेची मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत केली होती, म्हणून ज्यांना करायचं आहे त्यांनी आधी ती चालू आहे का ते कृषी ऑफिसात विचारा, नंतर पाहू असं म्हणू नका.

काल शेजारच्या गावच्या दोघी आल्या होत्या, त्यांना मसाल्याचं करायचं आहे, मिरची-हळद. मशीन कोणतं घ्यायचं ते विचारत होत्या. मी म्हटलं आधी पॅन दाखवा. दोघींच्याही पॅनवर माहेरचं नाव.